हलका ढीग

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

चि. पालीस आशीर्वाद वगैरे.

दचकू नकोस. तुझ्या पिवळ्या शर्टाच्या घडीतून कागद पडला तो माझाच. सगळ्या संघांचं धुणं आमच्या लाँड्रीकडे आलंय. म्हणजे बघ, शेजारपाजारच्या देशांनी मिळून बायकांची फुटबॉल स्पर्धा भरवली, तू देशाची गोलकीपर म्हणून विमानातून उतरलीस, आणि मी दोन वर्षं आधी इथे येऊन तुझे मोजे धुवायला तयारच बसलेलो. घराण्याचं नाव दोघांनी मिळून काढलं.

भेटायला तुमच्या हॉटेलवर आलो होतो. फाटकातच तुमची मॅनेजरबाई भेटली. म्हणाली, "स्पर्धा संपेपर्यंत कुणी भाऊ नाही नि बहीण नाही. फोनसुद्धा काढून घेतलेत मुलींचे." मी म्हटलं, मुली आहेत की कैदी? तर रखवालदाराने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा जन्म पण बाहेरच काढावा.

काल उद्घाटन पाहिलं. बघायला म्हणून नाही, पाहुण्यांच्या सोफ्यांचे अभ्रे पोचवायला गेलो होतो. तुम्हाला उन्हात रांगेत उभं केलं आणि स्पर्धेचा अध्यक्ष मांडवात पंख्याखाली उभा राहून स्त्रीशक्तीवर बोलला. तू एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतीस ते मी लांबून ओळखलं. पब्लिक म्हणावं तर शाळेतली पोरं, टाळ्यांसाठी बसमधून आणलेली. मग अध्यक्षाने चेंडूला लाथ मारली. चेंडू जागेवर आणि बूट पुढे. तुमच्या स्पर्धेतला पहिला गोल बुटाने केला म्हणून लिहून ठेवा.

माझं बरं आहे. बरं म्हणजे काय, गवताचा हिरवा डाग मशीनला जात नाही, सोड्याच्या गरम पाण्यात हाताने घासावा लागतो. बोटांची सालं निघालीत, भाकरी... जाऊ दे, घास तोंडात घालताना झोंबतं. मुकादम म्हणतो हातमोजे पुढच्या महिन्यात येतील. तो हे गेल्या वर्षापासून म्हणतोय. ही नोकरी पण फार दिवस ठेवणार नाही.

उत्तर मळक्या कपड्यांच्या पिशवीत टाक. पिशवी मीच उघडतो.

तुझा,
दादा (अण्णांच्या भाषेत भिंगरी)

---

शनिवार, ५ ऑक्टोबर

दादा,

पाया पडते असं लिहायचं असतं, पण तुझे पाय सोड्याच्या पाण्यात असतील म्हणून लांबूनच.

आज पहिली मॅच जिंकलो. मी पूर्ण वेळ होते. आता इथून पुढे मला पाल म्हणायचं नाही. लहानपणी भिंतीला चिकटायचे म्हणून तू नाव ठेवलंस, आणि तुझ्यामुळे शाळेत मास्तर पण हजेरीला पाल म्हणायचे. (हो, संघातल्या मुलींना पण कळलंय. मीच सांगितलं. तोंडाला कुलूप नाही, कुलूपवाल्याची पोरगी असून.)

मुद्द्याचं लिहिते. या देशातल्या एका क्लबला गोलकीपर हवी आहे. दोन वर्षांसाठी. राहायला खोली, वर पगार. त्यांचा माणूस आपल्याकडे मॅच बघायला आला होता, तेव्हाच मला विचारून गेला, महिनाअखेर कळवायचंय. निघताना अण्णांना सांगितलं तर त्यांनी किल्ली घासायची कानस खाली ठेवली नाही. म्हणाले, "तुझा भाऊ तिथे आहे. तो बघून सांगेल. खेळत असशील तर जा. बाकावर बसायला परदेश कशाला? बाक आपल्या दुकानाबाहेर पण आहे."

म्हणजे माझं सगळं तुझ्या तोंडावर आहे. देवा रे. ज्या माणसाने एक नोकरी वर्षभर धड केली नाही त्याच्या शब्दावर माझं घोडं अडलंय. मॅच बघायला ये आणि अण्णांना सांग. एवढंच कर, बाकी आयुष्यात काही मागणार नाही.

हाताला तेल लावत जा.

तुझी बहीण (पाल नव्हे)

---

रविवार, ६ ऑक्टोबर

चि. नव्हे-पालीस,

मॅच बघायला ये म्हणे. तुमच्या मॅचच्या वेळेलाच आधीच्या मॅचचे कपडे येतात, आणि मुकादम दाराशी खुर्ची टाकून बसतो. टीव्हीवर तुम्हाला दाखवत नाहीत. त्या वेळेला कुत्र्यांची शर्यत असते. पेपरात दोन ओळी येतात, त्या पण इथल्या भाषेत. मला इथली भाषा बोलता येते, वाचायला गेलं तर अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. आपल्या भाषेत तरी कुठे फार थांबायची.

पण आम्हाला पेपर लागत नाही. आमच्याकडे मशीनला लावायच्या आधी दोन ढीग करतात. मळका ढीग आणि हलका ढीग. मळक्या ढिगातल्या खेळल्या. हलक्या ढिगातल्या बाकावर बसून पाणी प्यायल्या. त्यांना आम्ही पाहुण्या म्हणतो. इस्त्रीवाल्या मावशी तर नंबर बघूनच सांगतात, "ही पाहुणी गेल्या मॅचला पण पाहुणीच होती गं बाई, हिला तिकीट काढून कशाला आणली?"

मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं, एक नंबरचा पिवळा शर्ट म्हणजे माझी बहीण. काल तुमची पिशवी आली तेव्हा सगळे बघायला जमले. शर्ट हलक्या ढिगात गेला. चड्डी, मोजे, सगळं हलक्यात. वर वास कसला, गुलाबाचा! मुकादम म्हणाला, "बहीण मैदानावर गेली होती की लग्नाला?" मी हसलो. हसावं लागतं.

फारच जपून खेळतेस वाटतं.

दादा

---

मंगळवार, ८ ऑक्टोबर

दादा,

हलका ढीग वाचून बरं वाटलं. तेवढाच तुझा भार कमी. मुकादमाला सांग, लग्नालाच गेले होते, पलीकडची नऊ नंबरवाली नवरी आणि तिला मी मांडवात येऊच दिली नाही.

आजची पण जिंकलो. तुझी मॅनेजरबाई खूश आहे, म्हणजे आज ती ओरडली पण जेवल्यानंतर ओरडली. आमच्या चड्ड्या पुरुषांच्या संघाच्या जुन्या आहेत हे तू धुताना ओळखलं असशीलच. माझ्या चड्डीत आतून कुणाचा तरी नंबर आहे. त्याला दोन मांड्या होत्या की दोन खांब कोण जाणे, मी नाडी दोनदा फिरवून बांधते. शर्ट तरी नवा आहे, पण एकच. गोलकीपरचा रंग वेगळा असतो, त्याचे दोन शिवायचे म्हणजे आमच्या फुटबॉल संघटनेचं कंबरडं मोडेल. अध्यक्षाच्या गळ्यातल्या हाराला मात्र दर मॅचला नवी फुलं.

अण्णांना फोन केलास का? हात कसे आहेत?

तुझी बहीण

---

बुधवार, ९ ऑक्टोबर

पाली,

हो, पालच म्हणणार.

"वाचून बरं वाटलं" म्हणे! कालचा शर्ट पण हलक्या ढिगात. पुन्हा गुलाबाचा वास. शर्टावर धुळीचा कण नाही, आणि पत्रात नवरी नि मांडव! अगं, खोटं बोलावं पण ज्याला बोलायचं त्याचा धंदा तरी बघावा. धोब्याला सांगतेस मैदानात लोळले म्हणून? सुताराला सांग हवं तर, तो ऐकून घेईल.

मला बाकाचा राग नाही. बाकावर कुणीतरी बसायचंच असतं, खुर्च्या रिकाम्या ठेवून अध्यक्ष कुणासमोर बोलणार? राग याचा की तू मला पण त्या शाळेतल्या पोरांत बसवलंस. आणलं, बसवलं, टाळ्या वाजव म्हणालीस. इथे मावशी मला विचारतात, "कशी आहे रे तुझी पाहुणी?" दोन वर्षांत इथे माझ्याकडे मिरवायला एकच गोष्ट आली होती, ती पण वास मारणारी निघाली.

आज अण्णांना फोन केला. खरं ते सांगितलं. शर्ट कोरा येतो म्हणालो, पोरगी बाकावर आहे म्हणालो. अण्णा म्हणाले, "मग विषय मिटला. तिला म्हणावं नीट घरी ये." मी काही वाढवून सांगितलं नाही, देवाशपथ. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं की बाबा तुझं मत काय. मी खोटं का सांगू?

सेमीफायनलला नीट बस. बाकाला फळी निघालेली असते, चड्डी फाटेल. आधीच दुसऱ्याची आहे.

दादा

---

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

भिंगरी,

दादा म्हणायची आज इच्छा नाही.

या पिशवीत माझा शर्ट आहे. उचल आणि नाकाला लाव. आज गुलाब नाही. तो गुलाब म्हणजे हॉटेलच्या न्हाणीघरातला साबण होता, माणसाच्या अंगठ्याएवढी वडी देतात ती. पहिल्या पत्रात कुणी रडगाणं गायलं होतं, बोटांची सालं निघाली, घास झोंबतो म्हणून? मी मूर्ख, वाचून मला कसंसंच झालं. म्हटलं, आईने याला घरात स्वतःचा रुमाल पिळू दिला नाही, आणि परक्या मुलखात हा माझा मळ घासणार? थोरल्या भावाने? म्हणून मॅच झाली की सगळ्या मुली पाय वर करून पडायच्या आणि मी बेसिनमध्ये डाग घासत बसायचे. शर्ट, चड्डी, मोजे. साबण संपला तर शेजारच्या खोलीतून मागून आणला. मग पंख्याखाली वाळवून तुझ्या पिशवीत. मुली म्हणायच्या, "लाँड्रीत द्यायचे कपडे धुऊन देणारी तू जगातली पहिली." मी म्हणायचे, लाँड्रीत माझा दादा आहे.

आणि तू त्याचा वास घेऊन अण्णांना फोन केलास.

मोठा धोबी! धुतलेला कपडा आणि न मळलेला कपडा यातला फरक तुला कळत नाही? इतके महिने लाँड्रीत काय भजन करतोस? गवताचा डाग नीट निघत नाही हे तूच लिहिलंस. कोपराच्या शिवणीत जरा बघितलं असतंस तर हिरवं दिसलं असतं. पण नाही. तुला ढीग दिसला. ढीग दिसला की तुझं डोकं थांबतं.

आज जिंकलो, सोमवारी फायनल. शेवटी शेवटी त्यांची पोरगी एकटी सुटली होती. मी तिच्या पायात झोपले. चेंडू माझ्याकडे, बूट माझ्या छातीवर. तो ठसा तुझ्यासाठी धुतला नाही. कोपर फाटलंय ते पण तुझ्यासाठी. घे. घास.

आणि अण्णांचं काय करायचं ते तूच बघ. मला फोन देत नाहीत.

---

शनिवार, १२ ऑक्टोबर

ताईसाहेब,

(पाल म्हणायची हिंमत नाही.)

पिशवी उघडली, शर्ट तू म्हणालीस तसा नाकाला लावला. मुकादमाने शर्ट दोन बोटांनी उचलला आणि मळक्या ढिगाच्या वरती ठेवला, देवळावर कळस ठेवावा तसा. मावशी म्हणाल्या, "ही जिवंत आहे ना रे?" मी म्हटलं, चांगली जिवंत आहे, चार पानी शिव्या लिहिल्यात. तुझं पत्र मी मावशींना इथल्या भाषेत करून वाचून दाखवलं. साबणाचं आलं तिथे त्यांनी इस्त्री उभी केली आणि मला म्हणाल्या, "गाढवा." इथल्या भाषेतला शब्द वेगळा आहे पण जनावर तेच.

अण्णांना परत फोन केला. सगळं सांगितलं. ते ऐकत होते, मागे कानशीचा आवाज चालू. मग म्हणाले, "परवा म्हणालास खेळत नाही. आज म्हणतोस छातीवर बूट घेते. उद्या म्हणशील पंतप्रधान झाली. तुझा कुठला शब्द धरायचा? वर्णनावर किल्ली बनत नाही. कुलूप आणून दाखव."

गिऱ्हाइकाला पण हेच सांगतात, तुला माहीत आहे.

म्हणून कुलूप पाठवलं. तुझा शर्ट आहे तसा, चिखलासकट, आजच पार्सल केला. ठसा मोडू नये म्हणून मध्ये पुठ्ठा घातला. आता अण्णांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं आणि मग माझ्या अकलेचं काय ते बोलावं.

बाकीचे कपडे या पिशवीत आहेत. फायनलला झोडून काढ.

दादा

---

सोमवार, १४ ऑक्टोबर

दादा,

बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय. राग पण हलतोय.

शर्ट एकच आहे असं मी तुला लिहिलं होतं ना? मंगळवारच्या पत्रात? तू ते वाचलंस की फक्त वास घेतलास?

फायनलच्या दिवशी पिशवी उघडली तर एक नंबर नाही. मॅनेजरबाई माझ्यावर, मी तुझ्यावर, तू तिथे नाहीस. शेवटी आमच्या दुसऱ्या गोलकीपरचा शर्ट घातला. ती पोरगी माझ्या निम्मी आहे. हात वर केला की बेंबी दिसायची. अख्खी फायनल मी एका हाताने गोल वाचवला आणि दुसऱ्या हाताने शर्ट खाली ओढला.

तरी जिंकलो. कप आमचा.

आता पुढचं ऐक आणि कपाळावर हात मार. बक्षिसं वाटताना स्पर्धेतली सर्वोत्तम गोलकीपर म्हणून पुकारा झाला. पुकारणाऱ्याने मैदानावर बघून पाठीवरचा नंबर टिपला होता आणि नंबर होता त्या पोरीचा. तिचं नाव घेतलं. ती बिचारी बाकावरून उठली, सगळ्या स्पर्धेत पहिल्यांदाच उठली, आणि अध्यक्षाने तिच्या गळ्यात पदक घातलं. मॅनेजरबाई काही बोलायला गेली तर अध्यक्ष म्हणाला, "आता फोटो झालाय." फोटो झाला की खरं झालं. उद्या पेपरात तिचं नाव, आमच्याकडच्या पेपरात पण.

पदकाबरोबर बक्षीस काय होतं माहीत आहे? कपड्यांची इस्त्री. सर्वोत्तम गोलकीपरला इस्त्री! त्या पोरीने बसमध्ये आणून माझ्या मांडीवर ठेवली. मी म्हटलं, ठेव तुलाच. आमच्या घराण्यात धुण्याचा माणूस आहे, इस्त्रीचा नाही.

म्हणजे आता माझ्याकडे पदक नाही, पेपर नाही, तुझा शब्द तर नाहीच. जे आहे ते त्या पार्सलात आहे. ते पोचू दे.

ही शेवटची पिशवी. मळकीच पाठवतेय.

तुझी बहीण

---

बुधवार, ३० ऑक्टोबर

ती. दादास,

घरी आले त्याला बरेच दिवस झाले. तुझं पत्र मिळालं. शर्ट गहाळ केला म्हणून मुकादमाने काढलं आणि आता तू बेकरीत पाव भाजतोस हे वाचून अण्णा म्हणाले, "भिंगरी फिरली." आई म्हणाली, "पाव गरम असतो, हाताला बरं." आईला काय, तुझं सगळंच बरं.

पार्सल मी पोचले त्याच दिवशी, माझ्या थोडं आधी आलं. अण्णा तेव्हा कुणाच्या तरी तिजोरीवर गेले होते. आईने उघडलं.

तू पुठ्ठा घातलास, दोरी बांधलीस, सगळं केलंस. पण पार्सल आईच्या हातात पडेल हे तुझ्या डोक्यात नाही आलं. पोरीचा मळका शर्ट बघून आई काय करणार? तिने तो भिजवला. अण्णा यायच्या आत धुऊन, पिळून, दोरीवर टाकला. वर मला म्हणते, "एवढ्या लांबून न धुता पाठवतात का कुणी कपडा?"

मी अजून बॅग पण खाली ठेवली नव्हती. अण्णा आले तेव्हा दोरीवर पिवळाधमक शर्ट. त्यांनी चष्मा लावून बघितला, उलटा करून बघितला. आमच्याकडचा पेपर हातात होताच, त्या पोरीच्या फोटोचा. म्हणाले, "कुलूप कुठे आहे यात? हा तर कोरा आहे. भिंगरी पहिल्यांदा म्हणाला तेच खरं होतं."

दादा, मी रडले नाही. मी आत जाऊन बॅग माळ्यावर टाकायला निघाले.

तर आई बोलली. आपली आई, जी अण्णांसमोर मीठ कमी आहे का एवढंच विचारते. म्हणाली, "कोरा नाही. मी धुतलाय."

अण्णा म्हणाले, "तू धुतलास, पण बघितलं कुणी?"

"धुणारीने नाही बघितलं तर कोण बघणार? चार पाणी काळी निघाली. छातीवर बूट होता. अख्खा, टाचेसकट. माझ्या पोरीच्या छातीवर. मी बोटांनी घासला तो. कोपराचं हिरवं अजून गेलेलं नाही, फाटलंय तिथे बघा."

अण्णांनी कोपर बघितलं. पण माणूस हट्टी. म्हणाले, "सरावात पण पडतात मुली. वर्णनावर किल्ली..."

"किल्ली राहू द्या," आई म्हणाली. "तुमचे कपडे कोण धुतं? तुम्ही येऊन सांगता आज मान मोडेपर्यंत काम होतं. मी काही म्हणते का? पण बाहीला लोखंडाचा कीस असला की काम होतं, आणि नुसता चहाचा डाग असला की दिवसभर पानवाल्याशी गप्पा होत्या. इतकी वर्षं मी धुऊनच ओळखते. कधी चुकले असेन तर सांगा."

अण्णांनी शर्ट परत दोरीवर टाकला. बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. कानस दुकानातच राहिली. मग तिथूनच म्हणाले, "तिकडे खोलीला कुलूप कसलं देतात विचार. परक्यांच्या कुलपावर भरवसा नको. मी देतो एक."

काल क्लबला होकार कळवला. रविवारी निघते. तुझ्या शहरापासून बसने एक रात्र आहे असं नकाशात दिसतं.

शर्ट आईने ठेवून घेतला. संघटनेचं पत्र आलंय, तो परत करा किंवा भरपाई द्या म्हणून. आईने त्याच कागदात कोपराला लावायचा दोरा गुंडाळून ठेवलाय.

नवीन शर्ट मिळाला की पहिला मळका तुलाच पाठवणार होते, मुद्दाम, न धुता. पण आता तू पाववाला. माझं मेलं नशीबच असं. मळायला शिकले आणि धोबी पळाला.

तुझी,
पाल